मोजक्या घटकांची महाग डबी : पैसे नेमके कशाचे?

मराठवाड्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्या एका खाजगी शाळेत शिकवतात. थंडी सुरू झाली की त्यांच्या चेहऱ्याची कातडी ओढल्यासारखी होते आणि गालांवर बारीक खपल्या धरतात. दिवसातून पाच वेळा वुजूसाठी तोंड धुतले जाते, त्यामुळे सकाळी लावलेली क्रीम दुपारपर्यंत टिकत नाही. शहरातल्या एका मोठ्या दुकानात त्यांना एक मॉइश्चरायझर दाखविण्यात आले. पांढरी साधी डबी, वर काळ्या अक्षरांत नाव, चित्र नाही, फूल नाही, सुगंध नाही. वजन ५० ग्रॅम आणि छापील किंमत १,९५० रुपये. दुकानातील मुलीने सांगितले, "मॅडम, यात फक्त अकरा घटक आहेत. बाकी काहीही टाकलेले नाही." भगिनींनी डबी घेतली नाही, पण घटकांची यादी मोबाइलवर टिपून घेतली, पत्रात उतरवून पाठविली आणि खाली प्रश्न लिहिला : "टाकलेले इतके कमी असेल तर भाव इतका जास्त का? आणि भाव जास्त आहे म्हणजे माल चांगला असेल का?"

प्रश्न बिनतोड आहे. व्यापाराच्या पानावर तो घेण्याचे कारण असे की, यात त्वचेपेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे.

प्रथम ही टूम आली कोठून ते पाहू. कॅनडातील एका कंपनीने २०१६ मध्ये 'द ऑर्डिनरी' या नावाने साध्या बाटल्यांतून प्रसाधने विकावयास सुरुवात केली. बाटलीवर नटीचा चेहरा नाही, फक्त आतल्या मुख्य रसायनाचे नाव आणि त्याचे प्रमाण. भावही कमी ठेवला होता. ग्राहकाला हा मोकळेपणा आवडला. पुढे २०२४ मध्ये एस्टी लॉडर या अमेरिकन कंपनीने त्या कंपनीची संपूर्ण मालकी घेतली. आपल्याकडे जयपूरच्या दोन भावांनी २०२० मध्ये 'मिनिमलिस्ट' याच नावाने धंदा सुरू केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने त्यातील ९०.५ टक्के हिस्सा विकत घेत असल्याचे जाहीर केले. त्या वेळी धंद्याचे मूल्य २,९५५ कोटी रुपये धरले गेले होते. पाच वर्षांत एवढी मजल! तेव्हा साधेपणालाही बाजारात किंमत येते हे सर्वांच्या ध्यानात आले. येथवर ठीक होते, कारण या दोन्ही कंपन्यांचे भाव सर्वसाधारण माणसाच्या आवाक्यातले होते. पण मागून आलेल्या कित्येकांनी साधेपणा तेवढा उचलला आणि भाव मात्र परदेशी अत्तराच्या बाटलीचा लावला.

वास्तविक मोजक्या घटकांची क्रीम ही काही नवी वस्तू नव्हे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात १९११ साली निविया क्रीम निघाली, तेव्हा तिच्यात पाणी, लोकरीच्या चरबीपासून काढलेला एक मिसळक पदार्थ, ग्लिसरीन, किंचित सायट्रिक ॲसिड आणि थोडा सुगंध, एवढेच मुख्यत्वे होते. व्हॅसलीनचे पेटंट अमेरिकेत १८७२ साली घेतले गेले. त्यात तर घटक एकच, पेट्रोलियम जेली. म्हणजे घटक कमी असण्याचेच पैसे द्यावयाचे असते, तर व्हॅसलीन जगात सर्वांत महाग असावयास हवे होते.

आता क्रीम करते काय? आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या एक-दोन शतांश एवढाच जाड असतो. शास्त्रज्ञ त्याला विटांच्या भिंतीची उपमा देतात. मेलेल्या चपट्या पेशी या विटा, आणि त्यांच्यामध्ये भरलेली चरबी हा चुना. या चुन्यात सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्ले असतात. साबण, गरम पाणी, कोरडी हवा आणि वारंवार धुणे यांनी हा चुना झडतो, भिंतीला फटी पडतात, आतले पाणी उडून जाते आणि त्वचा खरखरीत होते. क्रीमला तीनच कामे करावयाची असतात. एक, पाणी धरून ठेवणे. हे काम ग्लिसरीन उत्तम करते. दुसरे, फटी बुजवून पृष्ठभाग मऊ करणे. हे काम तेले आणि स्निग्ध पदार्थ करतात. तिसरे, वरून झाकण घालणे म्हणजे पाणी उडणार नाही. या कामात पेट्रोलियम जेलीची बरोबरी करणारा पदार्थ अजून सापडलेला नाही, आणि ती सर्वांत स्वस्तही आहे. चेहऱ्यावर चिकट लागते हा तिचा एकच दोष, आणि कोकणात मे महिन्यात तर तो दोष फारच मोठा ठरतो.

ही तीन कामे करणारे पदार्थ शोधून काढण्यास आता कोणाला संशोधन करावे लागत नाही. ते घाऊक बाजारात पिंपांनी मिळतात.

भगिनींनी पाठविलेली यादी अशी आहे : पाणी, ग्लिसरीन, कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, स्क्वालेन, सेटेअरिल अल्कोहोल, ग्लिसरिल स्टिअरेट, पीईजी-१०० स्टिअरेट, फिनॉक्सिएथेनॉल, सेरामाइड एनपी, सोडियम हायलुरोनेट आणि शेवटी ओटचा अर्क. डबीच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे, तर 'सेरामाइड'.

ही यादी कशी वाचावी ते एकदा समजून घेतले म्हणजे जन्मभर उपयोगी पडते. आपल्या देशातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे, एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालते. आता यादीतील आठवे नाव पाहा. फिनॉक्सिएथेनॉल हे माल नासू नये म्हणून घालतात. युरोपात त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे आणि उत्पादक सर्वत्र तीच पाळतात. म्हणजे या नावाशी मनात एक रेघ ओढावी. रेघेच्या खाली जे काही आहे ते एक टक्का किंवा त्याहूनही कमी. या डबीत सेरामाइड, हायलुरोनेट आणि ओट तिन्ही रेघेखाली आहेत. ज्याच्या नावावर डबी विकली जात आहे, तो पदार्थ डबीत अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही. किती कमी असेल ते यादीवरून कळत नाही.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. सेरामाइड थोड्या प्रमाणातही उपयोगी पडते, आणि ते खरोखरच महाग असते. पण महाग म्हणजे किती? समजा, सेरामाइडचा भाव किलोला दोन लाख रुपये आहे, म्हणजे ग्रॅमला दोनशे रुपये. पन्नास ग्रॅमच्या डबीत ते दर हजारी एक भाग घातले, तर लागले ०.०५ ग्रॅम. किंमत झाली दहा रुपये. भाव दुप्पट धरा, तरी वीस. उरलेले पाणी, ग्लिसरीन आणि नारळाच्या अगर पामच्या तेलापासून बनविलेले स्निग्ध पदार्थ किलोला शेकड्यांत मिळतात, हजारांत नव्हे. स्क्वालेन काहीसे महाग असते. पूर्वी ते शार्क माशाच्या यकृतातून काढीत, आता ऑलिव्ह आणि उसापासूनही करतात. सगळे मिळून डबीतील मालाची किंमत आणि छापील किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक राहतो. तो फरक कोणी खातो असे नव्हे. त्यात जाड काचेची डबी आहे, खोका आहे, दुकानातील चकचकीत फळीचे भाडे आहे, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा आहे, जाहिरात आहे. धंदा म्हणून हे सर्व रास्त असेल, पण यातले गालाला काहीच लागत नाही.

डबीविषयी आणखी एक. पुष्कळ महाग डब्यांना दुहेरी भिंत असते. बाहेरून ती मुठीएवढी दिसते, आत वाटी मात्र लहान. तेव्हा डोळ्यांवर विश्वास न ठेवता निव्वळ वजन वाचावे. वजनमापांच्या नियमांनुसार आता वेष्टनावर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे पडणारा भावही छापावा लागतो. बारीक अक्षरांत असतो, पण असतो. आमच्या मते सबंध खोक्यावरील सर्वांत कामाचा आकडा तोच.

आता मुख्य हिशेब. चेहरा आणि मान यांना एका वेळी किती क्रीम लागते? त्वचारोगतज्ज्ञांनी १९९१ साली यासाठी एक सोपे माप रूढ केले. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली क्रीमची रेघ म्हणजे एक माप. स्त्रियांच्या बोटाला ती सुमारे ०.४ ग्रॅम भरते, पुरुषांच्या बोटाला ०.५ ग्रॅम. चेहरा आणि मान यांना अशी अडीच मापे लागतात, म्हणजे स्त्रियांना एका वेळी एक ग्रॅम. हे माप औषधी मलमासाठी आहे. कोरडेपणासाठी लावावयाची क्रीम याहून कमी लावून भागत नाही.

भगिनींची डबी ग्रॅमला ३९ रुपये पडते. दिवसातून दोनदा लावली तर ७८ रुपये रोज. डबी पंचवीस दिवसांत संपेल. महिन्याला २,३४० रुपये आणि वर्षाला २८ हजारांच्या वर. आम्ही औषधाच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा ग्लिसरीन आणि पॅराफिन असलेली, सुगंध नसलेली साधी क्रीम १०० ग्रॅमला २८० रुपयांना मिळाली. ग्रॅमला २ रुपये ८० पैसे. तिचा वर्षाचा खर्च दोन हजारांच्या आसपास येतो. फरक २६ हजारांचा. खाजगी शाळेतील शिक्षिकेच्या घरात एवढी रक्कम म्हणजे एका मुलाची वर्षाची फी, किंवा घरातील वडीलधाऱ्यांची वर्षाची औषधे.

यावर दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते : "छे, मटाराच्या दाण्याएवढी पुरते. डबी तीन महिने जाते." तीन महिने म्हणजे नव्वद दिवस. दिवसातून दोनदा लावली तर एका वेळी पाव ग्रॅमच्या किंचित वर. जेवढी पाहिजे तिचा चौथा हिस्सा! महाग क्रीमची खरी खोट येथे आहे. भाव मनात असतो, त्यामुळे हात आखडतो. चौथा हिस्सा लावलेली उत्तम क्रीम ही पुरेशी लावलेल्या साध्या क्रीमपेक्षा कमीच काम करणार. आणि ज्यांना दिवसातून अनेक वेळा तोंड धुवावे लागते, त्यांना तर प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा लावण्याची गरज असते. तीनदा लावली तर ती डबी रोज ११७ रुपये खाईल. साधी क्रीम साडेआठ रुपयांत भागवील. म्हणून वारंवार वापरावयाच्या वस्तूत ग्रॅमचा भाव हा नुसता काटकसरीचा प्रश्न राहत नाही. गुण येणार की नाही हेच त्यावर ठरते.

काही वाचक म्हणतील, हा झाला तुमचा हिशेब, पण गुणात फरक असेलच ना? या प्रश्नाची तपासणी झालेली आहे. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ५५० मुलांवर एक मोठी चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचे चार गट केले. एकाला पातळ लोशन, दुसऱ्याला क्रीम, तिसऱ्याला जेल आणि चौथ्याला घट्ट मलम. इसब आटोक्यात ठेवण्यात चारही प्रकार सारखेच ठरले. कोणता लावावा हे घरच्यांनी आपल्या पसंतीने ठरवावे, असा त्याचा अर्थ निघाला. ज्यांची त्वचा खरोखर आजारी होती त्यांच्यात फरक दिसला नाही, तर हिवाळ्याच्या कोरडेपणात महाग डबी चमत्कार करील अशी अपेक्षा कशाला?

दुसरा अभ्यास अमेरिकेतील शिकागोचा, २०१७ सालचा. तेथील डॉक्टरांनी सर्वांत जास्त खपणारी १७४ मॉइश्चरायझर घेऊन त्यांचे भाव आणि घटक पडताळून पाहिले. वजनी भावात प्रचंड तफावत निघाली. पण आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. 'सुगंधविरहित' असे लिहिलेल्या मालांपैकी ४५ टक्क्यांत सुगंधासारखीच ॲलर्जी उठवू शकणारा एखादा घटक किंवा वनस्पतीचा अर्क होता. 'हायपोॲलर्जेनिक' म्हणजे ॲलर्जी होण्याचा संभव कमी, असे लिहिलेल्यांपैकी ८३ टक्क्यांत ॲलर्जीचा एक तरी ज्ञात घटक सापडला. म्हणजे खोक्याच्या पुढच्या बाजूवरील मजकूर एक आणि मागच्या बाजूवरील यादी दुसरी. वाचावी ती मागची बाजू. आपल्याकडे ३० ग्रॅमहून लहान डबीवर यादी छापण्याचे बंधन नाही, तेव्हा नमुन्याची डबी दिली गेल्यास मोठा खोका मागून पाहावा.

मग मोजक्या घटकांत काहीच तथ्य नाही काय? आहे, आणि ते एका विशिष्ट माणसासाठी फार मोलाचे आहे. ज्याच्या त्वचेला सुगंध, लोकरीची चरबी किंवा एखादे प्रिझर्वेटिव्ह सोसत नाही, ज्याने डॉक्टरांकडे पाठीवर चिकटपट्ट्या लावून तशी तपासणी करून घेतली आहे, त्याला लहान यादी म्हणजे लहान धोका. एकेक नाव ताडून पाहता येते. अशा माणसासाठी काही कंपन्या प्रिझर्वेटिव्ह न घालता निर्जंतुक क्रीम भरतात आणि ट्यूबचे तोंड असे बनवितात की बाहेरची हवा व जंतू आत जाऊ नयेत. फ्रान्समधील आव्हेन या नावाखाली अशी क्रीम मिळते. येथे जादा पैसे वेष्टनाचेच असतात, पण ते वेष्टन काम करते. तेवढे पैसे आम्ही रास्त समजतो. उलट उघड्या तोंडाच्या डबीवर 'प्रिझर्वेटिव्ह नाही' असे मोठ्या अभिमानाने लिहिलेले असेल आणि आत पाणी असेल, तर ती घेऊ नये. बोटे बुडत राहिली की तिच्यात जंतू वाढणार. डबी उघडल्यापासून किती महिने वापरावी हे उघड्या झाकणाच्या छोट्या चित्रात आकड्याने दिलेले असते, तोही पाहावा.

दुसरा माणूस असा की, ज्याला स्वस्त क्रीमचा चिकटपणा किंवा वास सहन होत नाही आणि म्हणून तो काहीच लावीत नाही. त्याने मधल्या भावाची, हाताला हलकी लागणारी क्रीम घ्यावी. रोज लावली जाते ती क्रीम चांगली. मात्र ग्रॅमला आठ-दहा रुपयांच्या पलीकडे गेल्यावर स्पर्शात काही फार भर पडते असा आमचा अनुभव नाही.

यादीतील दोन नावांविषयी आमच्या वाचकांकडून नेहमी विचारणा होते. सेटेअरिल अल्कोहोल हे नाव वाचून काहीजण दचकतात. ते मादक पेय नव्हे. तो मेणासारखा घट्ट पांढरा पदार्थ असतो, वनस्पतिजन्य तेलांपासून बनतो आणि क्रीमला दाटपणा आणतो. रसायनशास्त्रात त्याच्या जातीचे नाव अल्कोहोल पडले एवढेच. दुसरे ग्लिसरीन आणि स्टिअरेट. ही पामच्या तेलापासूनही होतात आणि जनावरांच्या चरबीपासूनही. यादीवरून उगम कळत नाही. ज्यांना तो कळणे आवश्यक वाटते, त्यांनी उत्पादकाला लेखी विचारावे. दीड-दोन हजारांची डबी विकणाऱ्याने एवढे उत्तर देणे लागते, आणि उत्तर न देणाऱ्याचा माल ठेवून द्यावा. वनस्पतिजन्य म्हणून स्पष्ट छापलेल्या स्वस्त क्रीमही बाजारात आहेत.

स्वस्त घ्या म्हणताना एक इशारा देणे आम्ही आमचे काम समजतो. स्वस्त याचा अर्थ बेनामी नव्हे. आठवडी बाजारात आणि काही ब्युटी पार्लरमध्ये यादी नसलेल्या, परदेशी लिपीतील चिठ्ठी लावलेल्या 'गोरेपणाच्या' क्रीम मिळतात. त्यांतील काहींमध्ये पारा असतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२३ मध्ये अशा क्रीम वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचा विकार आढळल्याचे सांगितले. त्याच वर्षी आपल्या अकोल्यातील एका घरातील मायलेकींचेही असेच प्रकरण उघडकीस आले. काही क्रीममध्ये स्टेरॉइड असते. चार दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होऊन लाल पडते आणि क्रीम सोडवत नाही. २०१८ पासून अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक करण्यात आली आहे, तरी ती सर्रास मिळतात. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी नसलेली कोणतीही क्रीम चेहऱ्याजवळ आणू नये, मग ती दहा रुपयांची असो की हजाराची.

आणि मुळात मॉइश्चरायझरने रंग उजळत नाही, सुरकुत्याही जात नाहीत. कोरडेपणामुळे दिसणाऱ्या बारीक रेघा तेवढ्या काही तास बुजतात. चेहरा लवकर म्हातारा होऊ नये यासाठी खर्च करावयाचाच असेल, तर तो उन्हापासून बचाव करणाऱ्या सनस्क्रीनवर करावा. ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर गावी साडेचार वर्षे चाललेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळले. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. उन्हातून शाळेत जाणाऱ्या शिक्षिकेला वाचलेल्या २६ हजारांतील थोडे पैसे तेथे घालता येतील.

तेव्हा भगिनींना आमचे उत्तर असे. ही डबी वाईट नाही. यादी स्वच्छ आहे, सुगंध नाही, माल काम करील. पण त्यातले पहिले सात घटक जे काम करतात तेच काम औषधाच्या दुकानातील साधी क्रीम करते, आणि रेघेखालच्या तीन नावांसाठी चौदापट भाव देण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. सेरामाइड हवेच असेल, तर ते असलेल्या याहून पुष्कळ स्वस्त क्रीमही मिळतात. नवी क्रीम घेतल्यावर प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागेवर आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहावी. खाज किंवा लाली आली नाही, तर चेहऱ्याला लावावी. तोंड धुतल्यावर पाणी टॉवेलने रगडून न पुसता टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत क्रीम लावावी. साबण दिवसातून एकदाच, पाणी कोमट. रात्री इशाच्या नमाजनंतर, जेव्हा सकाळपर्यंत धुणे नाही, तेव्हा हात आखडता न घेता लावावी, आणि खपल्यांच्या जागी वरून पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवावा. मुरुमे येण्याची सवय असेल, तर जेली टाळावी. तीन-चार आठवड्यांत उतार न पडल्यास, किंवा खपल्यांखाली कातडी लाल दिसत असल्यास, तो नुसता कोरडेपणा नसावा. मग क्रीम बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखविणे स्वस्त पडेल.

तरीही मन त्या डबीतच अडकले असेल, तर आणखी एक उपाय आहे. नमुन्याची लहान डबी मिळवावी. ती आणि साधी क्रीम सारख्याच दोन रिकाम्या डब्यांत घरातील दुसऱ्या कोणाकडून भरून घ्यावी. कोणती कशात आहे ते आपल्याला सांगू नये. दोन आठवडे एक उजव्या गालाला, दुसरी डाव्या गालाला. त्यानंतर आरशात पाहून कोणता गाल महाग ते ओळखावे. ओळखता आले, तर खुशाल घ्यावी.

पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे की, हीच क्रीम आईच्या टाचांच्या भेगांना चालेल का. त्या कामाला ती वाया जाईल. टाचांची कातडी जाड असते, तिला युरिया घातलेली क्रीम लागते. ती औषधाच्या दुकानात मिळते. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून, पुसून, ती लावावी आणि सुती मोजे घालून झोपावे. आईंना मधुमेह असेल, तर भेगा आधी डॉक्टरांना दाखवाव्यात. टाचांची ही क्रीम चेहऱ्याला मात्र लावू नये, झोंबते.